जुनी आल्टो : आधी मोजा, मग पार्ट बदला

सुकाणू

मारुतीची पहिल्या पिढीची आल्टो २००० साली आली आणि २०१२ मध्ये बंद झाली. रस्त्यावर दिसणारी त्यातली सगळ्यात अलीकडची गाडीसुद्धा आता जुनी झालेली आहे. इंजिन साधं : ७९६ सीसी, तीन सिलिंडर, बारा व्हॉल्व्ह, टायमिंग बेल्ट. बॉनेट उघडलं की बहुतेक ठिकाणी हात पोचतो आणि पार्ट तालुक्याच्या गावीही मिळतात. तरी या गाड्यांवर भरपूर पैसा वाया जातो, कारण दुरुस्ती अंदाजाने चालते. स्टार्ट होत नाही, बॅटरी बदला. तापते, थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) काढून टाका. झटके देते, मग प्लग, लीड, कॉइल, जे हाताला लागेल ते बदला. चौथ्या पार्टला गाडी बरी झाली की आधीचे तीन चांगले पार्ट भंगारात गेलेले असतात.

या धाग्यात एकेक तक्रार घेऊ या. काय मोजायचं, आकडा किती यायला हवा, कमी-जास्त आला तर दोष कुठे. लागणारं सामान : डिजिटल मल्टीमीटर, १०-१२-१४ चे पाने, प्लग पाना, टॉर्च आणि किल्ली फिरवायला एक माणूस.

सुरुवात बॅटरीपासून करतो, कारण अर्ध्या तक्रारींचं मूळ तिथे असतं.

गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी दार-लाइट काही न लावता बॅटरीच्या दोन खांबांवर मीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली असेल तर आधी बाहेरून चार्ज करा. रिकाम्या बॅटरीवर पुढची कुठलीच तपासणी खरी येत नाही.

मग फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, आणि पाच-सहा सेकंद सेल्फ मारा. मीटर ९.६ व्होल्टच्या खाली गेला तर बॅटरीत दम नाही. १० च्या वर राहिला आणि सेल्फ तरीही रडत फिरतोय, तर बॅटरीला हात लावू नका. दोष केबलमध्ये नाहीतर सेल्फमध्ये आहे.

आता अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनपर्यंतची जोडणी. ही तपासणी फार थोड्या ठिकाणी होते आणि सगळ्यात जास्त पैसे हीच वाचवते. मीटर डीसी व्होल्टवर. काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, म्हणजे शिशाच्या खुंटीवरच, क्लॅम्पवर नाही. लाल प्रोब इंजिनच्या उघड्या धातूवर. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ०.२ पर्यंत उत्तम. अर्धा व्होल्ट आला तर अर्थ केबल खराब. मग तसंच पॉझिटिव्ह खांबापासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत मोजा, तिथेही अर्धा व्होल्ट ही हद्द.

हे ओहमवर का मोजायचं नाही? सेल्फ फिरताना शंभर-दीडशे अँपिअर करंट जातो. १५० अँपिअरला ०.०१ ओहमचा रोधसुद्धा दीड व्होल्ट खातो, आणि ०.०१ ओहम साध्या मीटरला दिसतच नाही. केबल मीटरवर 'चांगली' दाखवते आणि गाडी मात्र टक-टक करत राहते.

क्लॅम्पपासून दोन-तीन इंचांवर केबल चिमटीत धरून वाकवा. आतून वाळू चुरडल्यासारखं लागलं की समजा तांबं खाल्लं गेलंय. इन्सुलेशन चिरलं की आत हिरवट पांढरी पूड सापडते. वरून क्लॅम्प घासून भागत नाही, केबलच नवी लागते.

इंजिन सुरू झाल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत, हेडलाइट आणि ब्लोअर लावूनही १३.५ च्या खाली नको. १५ च्या वर गेलं तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर गेलाय. तो बदलेपर्यंत गाडी चालवू नका, बॅटरी उकळेल आणि ईसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) धोका.

विद्युतभार

उत्तम सुरुवात. यात एक भर घालतो : दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, रोज चालवली तर काही होत नाही. याला गळका करंट म्हणायचं.

मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावा. निगेटिव्ह क्लॅम्प काढून खांब आणि क्लॅम्पच्या मध्ये मीटर जोडा. दरवाजे बंद, किल्ली बाहेर. वीस मिनिटं थांबा, म्हणजे सेंट्रल लॉक वगैरे झोपी जातं. आकडा ०.०५ अँपिअरच्या खाली यायला हवा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो.

आल्टोला ३५ अँपिअर-अवरची बॅटरी येते. गळती ०.३ अँपिअर असेल तर अडीच दिवसांत अर्धी बॅटरी संपते. मोबाइलएवढ्या वस्तूचा करंट, पण सोमवारी सकाळी गाडी जागची हलत नाही.

आकडा जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा धपकन खाली येतो, त्या सर्किटमध्ये चोर. पहिला संशय बाहेरून बसवलेल्या गोष्टींवर घ्या : म्युझिक सिस्टिम, रिमोट लॉक, रिव्हर्स कॅमेरा. म्युझिक सिस्टिमची लाल आणि पिवळी वायर एकत्र पिळून जोडलेली हमखास सापडते. पिवळी कायम करंटला आणि लाल किल्लीनंतरच्या करंटला जोडायची असते. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला तर अल्टरनेटरची जाड वायर सोडून बघा, डायोड गेलेला असू शकतो.

नवा चालक

फार उपयोगी धागा. माझे दोन प्रश्न. गाडी २००८ ची एलएक्सआय, १ लाख १८ हजार किमी, पेट्रोल, पुण्यात.

१) सकाळी पहिल्या स्टार्टला तीन-चार वेळा सेल्फ मारावा लागतो. एकदा सुरू झाली की दिवसभर अर्ध्या किल्लीत सुरू होते.

२) सिग्नलला तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर चढतो, गाडी पळायला लागली की खाली येतो. गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट काढून टाका म्हणून सांगितलं आहे. काढू का?

वंगण

दुसऱ्या प्रश्नाचं आधी. काढू नका. तुमच्या लक्षणाशी थर्मोस्टॅटचा संबंधच नाही.

गाडी कधी तापते यावरून निम्मं निदान होतं. उभी असताना तापते आणि पळताना थंड होते, म्हणजे पळताना समोरून येणारा वारा काम करतोय आणि उभं असताना पंखा करत नाही. पळताना, विशेषतः चढावर तापते, म्हणजे रेडिएटर चोक, कूलंट कमी, पाण्याचा पंप झिजलेला किंवा थर्मोस्टॅट अर्धवट उघडतोय. दोन्हीकडे तापते आणि कूलंटही कमी होत जातं, तर गळती किंवा हेड गॅस्केट.

तेव्हा पंख्यापासून सुरू करा. पंख्याचा दोन वायरचा प्लग काढा. २० अँपिअरचा फ्यूज लावलेल्या वायरीने बॅटरीतून थेट करंट द्या. पंखा जोरात आणि लगेच फिरला तर मोटर चांगली, दोष फ्यूज, रिले, सेन्सर किंवा कनेक्टरमध्ये. हळू फिरला, किंवा पात्याला काडीने ढकलल्यावरच सुरू झाला, तर कार्बन ब्रश संपलेत. पातं हाताने पुढे-मागे हलवून बघा. शाफ्ट डुलत असेल तर बुश गेलंय, अशी मोटर गरम झाल्यावर अडकते आणि थंड झाली की परत बरी होते. गॅरेजमध्ये नेल्यावर 'पंखा तर चालू आहे' असं उत्तर मिळतं ते यामुळे. एसी लावल्यावर कंडेन्सरचा पंखा फिरतो, त्यावरून रेडिएटरचा पंखा पास करू नका.

पंख्याच्या प्लगच्या पिना जरूर बघा. करडं प्लॅस्टिक एका पिनेभोवती तपकिरी पडून वितळल्यासारखं दिसलं तर तिथे रोध आहे. असा कनेक्टर कापून नवा सोल्डर करा, नुसता घासून दाबून बसवू नका.

पंखा ठीक निघाला तर रेडिएटर कॅप. तिच्यावर दाबाचा आकडा असतो, ०.९ किंवा १.१ असा. पाणी दाबाखाली असलं तर १०० अंशाला उकळत नाही, ते काम कॅपचं. रबर कडक झालं किंवा चिरलं की दाब राहत नाही, कूलंट बाटलीत जातं आणि परत येत नाही. कॅप हा सगळ्यात स्वस्त पार्ट, त्याच आकड्याची नवी घ्या. आणि गरम इंजिनवर कॅप उघडायची नाही. वरचा होज चिमटीत धरला की मऊ लागला पाहिजे, मगच फडकं ठेवून उघडायची.

मग रेडिएटर. इंजिन गरम करून बंद करा, पंख्याचा प्लग काढा कारण तो आपोआप सुरू होऊ शकतो, आणि जाळीवर तापमान मोजायची गन फिरवा. मध्ये थंड पट्टा सापडला तर तिथल्या नळ्या बंद झाल्या आहेत. बोअरचं पाणी घातलेल्या गाड्यांत हे ठरलेलं. त्या पाण्यातले क्षार नळ्यांत बसतात, आणि कूलंट नसल्यामुळे इंजिनमागचा लोखंडी वॉटर पाइप आणि ब्लॉकचे कोअर प्लग आतून गंजतात. पाइप बाहेरून बरा दिसतो, स्क्रूड्रायव्हरने टोकरला की भोक पडतं. होज बदलताना तो पाइप तपासल्याशिवाय काम बंद करू नका.

कूलंट बदलताना जे निघेल ते मोजून ठेवा. तेवढंच परत आत गेलं पाहिजे. लिटरभर कमी जात असेल तर आत हवा अडकली आहे. गाडीचं तोंड थोडं चढावर, हीटर पूर्ण गरमवर, कॅप उघडी ठेवून थंड इंजिन सुरू करा, पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत चालू ठेवा आणि पातळी भरत राहा. प्रमाण कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं, किंवा तयार मिश्रण. काढलेलं कूलंट अंगणात ओतू नका, ते गोडसर लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात, आणि ते विष आहे.

एक महत्त्वाची गोष्ट. काटा अर्ध्याच्या वर जाऊन अचानक शून्याला आला तर गाडी थंड झालेली नसते. पाणी संपून सेन्सर हवेत लटकत असतो. त्या क्षणी इंजिन बंद करायचं. पुढचे दोन किलोमीटर हेड वाकवतात.

घाटवाट

वंगण, बाकी सगळं मान्य, पण थर्मोस्टॅटबद्दल शंका आहे. विदर्भात मे महिन्यात ४५ अंश असतात. तिकडचे चांगले अनुभवी मेकॅनिकसुद्धा तो काढतात आणि काटा खाली राहतो. इंजिन थंड राहिलं तर बिघडलं कुठे?

वंगण

घाटवाट, प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

इंजिन 'जितकं थंड तितकं चांगलं' नसतं. या इंजिनचा थर्मोस्टॅट ८२ अंशांच्या आसपास उघडायला लागतो, म्हणजे इंजिन ८० च्या वर चालावं अशीच त्याची रचना आहे. तो काढला की इंजिन ६०-६५ वर रेंगाळतं, विशेषतः रात्री आणि पावसात. ईसीएमला वाटतं इंजिन अजून गरम होतंय, म्हणून तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. मायलेज पडतं, प्लग काळे पडतात, जास्तीचं पेट्रोल सिलिंडरची भिंत धुऊन तेलात उतरतं. तेलातली वाफ उडत नाही, झाकणाखाली पिवळसर चिकट साय धरते. लोक ती बघून हेड गॅस्केट गेलं समजतात.

आणि ४५ अंशांत उघडा थर्मोस्टॅट आणि काढलेला थर्मोस्टॅट यांत फरक फार थोडा. चांगला थर्मोस्टॅट ९५ अंशांपर्यंत पूर्ण उघडलेला असतो. तेव्हा काढून जे सुधारलं असं वाटतं, ते खरं म्हणजे मूळ दोष झाकला गेला. रेडिएटर चोक असेल तर तो चोकच राहतो.

संशय असेल तर तपासा, पाच मिनिटांचं काम आहे. काढलेला थर्मोस्टॅट दोऱ्याला टांगून जुन्या पातेल्यात पाण्यात सोडा, तळाला टेकू देऊ नका. शेजारी थर्मामीटर. ८२ च्या आसपास फट दिसायला लागली पाहिजे आणि ९५ च्या सुमाराला आठ मिमी तरी उघडला पाहिजे. उघडतच नसेल तर खराब. थंड असताना बंदच होत नसेल तर तोही खराब. ते पातेलं परत स्वयंपाकाला नको. बसवताना छोटी हलती पिन वरच्या बाजूला, तिच्यातून हवा निघते. गॅस्केट नवं.

घाटवाट

पटलं. तेलात पेट्रोल उतरतं हा मुद्दा लक्षातच आला नव्हता. धन्यवाद.

सुकाणू

नवा चालक, आता तुमचा सकाळचा स्टार्ट.

थंडीत अडतं आणि गरम झाल्यावर नाही, याची मुख्य कारणं तीन. रात्रीत पेट्रोलच्या लाइनमधला दाब उतरतो. कूलंटचा तापमान सेन्सर ईसीएमला चुकीचं सांगतो. किंवा बॅटरी सकाळी कमी पडते. ही क्रमाने वेगळी करा.

बॅटरी आणि अर्थिंग वर लिहिल्याप्रमाणे मोजा.

मग ही साधी चाचणी. रात्रभर उभ्या गाडीत किल्ली ऑन करा, सेल्फ नाही. मागून पंपाचा घूंऽऽ असा दोन-तीन सेकंदांचा आवाज येऊन थांबेल. किल्ली बंद. असं तीनदा करा. चौथ्यांदा सेल्फ मारा. लगेच सुरू झाली तर दाब उतरतोय.

फरक पडला नाही तर सेल्फ पाच सेकंद मारून एक प्लग काढा. कोरडा आणि पेट्रोलचा वास नाही, तर पेट्रोल पोचत नाही. ओला, तर ठिणगी नाही किंवा जास्त पेट्रोल.

सेन्सरचा कनेक्टर काढून दोन पिनांमध्ये रोध मोजा. २० अंशांना साधारण २.२ ते २.७ किलोओहम, ८० अंशांना ०.३ किलोओहमच्या आसपास. सकाळी थंड इंजिनवर तो ०.४ दाखवत असेल, तर ईसीएमला इंजिन गरम वाटतंय आणि तो थंडीला लागणारं जास्तीचं पेट्रोल देत नाहीये. डॅशबोर्डवरच्या काट्याचा सेन्सर वेगळा असू शकतो, तेव्हा काटा बरोबर आहे म्हणून हा पास करायचा नाही.

तोवर कुणी स्कॅनर लावायला सांगेल म्हणून : भारतात नव्या गाड्यांना ओबीडी (दोष नोंदवून स्कॅनरला सांगणारी यंत्रणा), त्यातलं ओबीडी-१ एप्रिल २०१० पासून आणि ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं. २००८ च्या गाडीशी बाजारातला स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बोलेलच असं नाही. मीटर मात्र नेहमी बोलतो.

हवेचा दाब

झटके आणि आयडलला (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) थरथर, याबद्दल लिहितो. तीन सिलिंडरचं इंजिन मुळात थोडं हलतंच, त्यामुळे आधी इंजिन माउंटिंग बघा. हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून, पहिला गिअर टाकून क्लच जरा सोडा. इंजिन उडी मारल्यासारखं एका बाजूला उचललं तर माउंटिंगचं रबर फाटलंय, मिसफायर (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणं) नाही.

खरा मिसफायर शोधायला इंजिन आयडलला ठेवून एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढा आणि लगेच लावा. काढल्यावर आवाज पडला तर तो सिलिंडर काम करतोय. काढून काहीच फरक पडला नाही तो मेलेला. प्लगची लीड चालू इंजिनवर उपटू नका, झटका बसतो आणि कॉइलही जाते. मग त्या सिलिंडरचा प्लग शेजारच्यात टाकून बघा. दोष प्लगबरोबर हलला तर प्लग. तसंच लीड. लीडचा रोध हजारांत येतो आणि लांब लीडला जास्त येतो, पण मीटरने अनंत दाखवला तर ती आतून तुटली.

प्लग आणि लीड बदलूनही दोष तिथेच, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेज लावून मोजा. तिन्ही प्लग काढा, पंपाचा फ्यूज काढा, इग्निशनचा कनेक्टर काढा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. सिलिंडरांमधला फरक १५ पीएसआयच्या आत हवा. एक कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत मोजा. आकडा वाढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारचे दोन्ही एकदम कमी आले तर त्या दोघांमध्ये गॅस्केट जळालंय. सीएनजीवर बरीच चाललेली गाडी असेल तर व्हॉल्व्हचा संशय आधी घ्या. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसत जातात, टॅपेटची फट संपते आणि गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. मग गाडी थंड असताना बरी आणि गरम झाली की आयडलला बंद पडते.

कुठूनतरी हवा ओढते का हे व्हॅक्यूम गेजवर कळतं. आयडलला समुद्रसपाटीवर १८ ते २१ इंच आणि काटा स्थिर. दर ३०० मीटर उंचीला साधारण एक इंच वजा करा. पुणे ५६० मीटरवर आहे, तिथे १६ ते १९ येईल आणि ते बरोबरच आहे. मुंबईचा आकडा डोक्यात धरून पुण्यातल्या गाडीचं इंजिन उघडू नका.

किनारा

कोकण आणि गोव्यातल्या गाड्यांसाठी. इंजिन ठीक असूनही गाडी संपते ती पत्र्यामुळे.

चारही दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी निचऱ्याची भोकं असतात. ती चिखलाने बुजली की पाणी आत साठतं आणि पत्रा आतून जातो. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पावसाळ्याआधी आणि नंतर बारीक तार फिरवा. जॅक लावायच्या जागा हातोडीच्या दांड्याने ठोका. टणक आवाज यायला हवा, भदभद आला तर पत्रा कुजलाय. लोअर आर्म आणि मागचा ॲक्सल जिथे बॉडीला धरतात तिथे गंज असेल तर पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागतो. वरून पुट्टी आणि काळा रंग मारून ती गाडी रस्त्यावर आणू नये.

पायाशी पाणी येतं ही दुसरी तक्रार. कुठलं पाणी ते आधी ओळखा. एसी लावल्यावर डाव्या बाजूला साधं स्वच्छ पाणी, तर एसीचा ड्रेन पाइप तुंबलाय. पाऊस पडल्यावर येतं, तर वायपरखालच्या चॅनेलमध्ये पानं अडकलीत किंवा काचेचं रबर गेलंय. बोटांना चिकट लागतं, गोडसर वास आहे आणि आतून काचेवर तेलकट धुकं धरतं, तर हीटर कोअर फुटलाय. चटई उचलून खालचा फोम पूर्ण वाळवा. वरून कापड सुकलेलं दिसतं आणि खाली फोम महिनाभर ओला राहतो.

पेट्रोलवाला

ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) बद्दल थोडं, कारण जुन्या गाड्यांत त्याचा संबंध येतोच. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे पेट्रोलच्या वाटेतले रबर आणि सील ई-२० चालेल असे आहेत. २००८ ची गाडी त्या हिशोबाने बनलेली नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने ऊर्जा कमी, म्हणजे २० टक्के मिश्रणाला हिशोबाने सहा-सात टक्के ऊर्जा कमी. मायलेज तेवढंच पडलं असेल तर इंजिनमध्ये दोष शोधत बसू नका. वीस टक्के पडलं असेल तर शोधा.

होज मात्र बदला. बोटाने दाबल्यावर पृष्ठभागावर बारीक चिरा दिसल्या, किंवा होज फुगून मऊ झाला, की तो गेला. दुकानात 'पेट्रोल पाइप' मागितला तर कार्बोरेटर गाडीचा देतात. इंजेक्शन गाडीला दाब सुमारे तीन बार असतो, तेव्हा जे-३० आर-९ छापलेला होजच मागा. क्लॅम्पही गोल कडेचे घ्या, साध्या भोकं पाडलेल्या पट्टीच्या क्लॅम्पने होज कापला जातो. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. रिकाम्या जागेतल्या हवेतलं पाणी इथेनॉल शोषतं आणि प्रमाण वाढलं की पाणी-इथेनॉल तळाला वेगळं बसतं. पंप नेमका तिथूनच ओढतो.

सुकाणू

खडखडीबद्दल थोडक्यात, कारण यातही शॉकअप उगाच बदलले जातात. छोट्या खड्ड्यांवर हळू वेगात खटखट, बहुतेक वेळा स्टॅबिलायझर बारचे किंवा लोअर आर्मचे बुश. या गाडीत पुढचा स्टॅबिलायझर बार लोअर आर्मलाच धरलेला असतो, म्हणून त्याचं बुश गेलं की ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढतेसुद्धा. चाक उचलून डावी-उजवीकडून धरून हलवा, खेळ असेल तर टाय रॉड एंड. वर-खाली धरून हलवा, खेळ असेल तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कटकट, तर बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे चाकाला फिरवणाऱ्या शाफ्टचा सांधा. फाटलेला बूट वेळेत बदलला असता तर तो वाचला असता.

बॉल जॉइंट आणि ब्रेक या दोन गोष्टींत थांबायचं नाही. पॅडचं मटेरियल ३ मिमी उरलं की बदला, ब्रेक ऑइल दोन वर्षांनी. मागच्या ड्रमच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर व्हील सिलिंडर गळतोय आणि तेल लागलेले शू धुऊन वापरायचे नसतात.

नवा चालक

मोजलं. सकाळी बॅटरी १२.५, सेल्फ मारताना १०.४. निगेटिव्ह ते इंजिन ०.१२. सेन्सर २.४ किलोओहम, सकाळी २२ अंश होते. सेल्फ मारून काढलेला प्लग कोरडा. तीनदा किल्ली ऑन करून सेल्फ मारला तर पहिल्या झटक्यात सुरू झाली. दोन दिवस तेच.

पंखा थेट करंटवर फिरतो, पण पहिल्यांदा ढकलावा लागला. ब्रश संपलेत ना?

वंगण

हो, ब्रश. मोटर सोलून ब्रश बदलणारे ऑटो इलेक्ट्रिशियन मिळतात. कम्युटेटरवर खोल चर पडला नसेल तर ब्रश पुरे, पडला असेल तर पूर्ण मोटर घ्या. बसवताना पात्याची दिशा बघा आणि वायर उलटी जोडली नाही ना तेही. पंख्याने हवा रेडिएटरमधून इंजिनकडे ओढली पाहिजे. जाळीसमोर कागद धरला तर तो चिकटला पाहिजे.

सुकाणू

मोजमाप चोख आहे. बॅटरी, अर्थिंग, सेन्सर तिन्ही सुटले. प्लग कोरडा म्हणजे निदान त्या सिलिंडरचा इंजेक्टर गळत नाही. उरलेल्या दोन प्लगांनाही वास घ्या. तेही कोरडे असतील तर उरला पंपातला चेक व्हॉल्व्ह किंवा प्रेशर रेग्युलेटर.

लगेच पंप बदलायची गरज नाही. किल्ली दोनदा ऑन करून सेल्फ मारल्याने काही बिघडत नाही. पण एकदा गेज लावून दाब मोजून घ्या. चालू इंजिनवर २.५ ते ३ बार स्थिर हवा, आणि अॅक्सिलरेटर झटकन दाबल्यावर कोसळता कामा नये. कोसळत असेल तर पंप थकलाय, मग थांबू नका. नाहीतर घाटात ओव्हरटेक करताना गाडी दम टाकेल. पंप काढण्याआधी फिल्टर नवा टाकून परत मोजा, चोक फिल्टर असाच दिसतो.

काम करताना : टाकीत पेट्रोल कमी असू द्या. इंजिन चालू ठेवून पंपाचा फ्यूज काढा, ते आपोआप बंद पडेल आणि लाइनमधला दाब जाईल. मग बॅटरीचा निगेटिव्ह काढा. उघड्या हवेत, जवळ अग्निशामक. जॉइंट सोडताना फडकं गुंडाळा. टाकीवरचं रबर आणि पंपाचा जाळीचा फिल्टर नवे टाका, जुना जाळीचा फिल्टर परत बसवला तर नवा पंप सहा महिन्यांत कोरडा ओढायला लागतो.

जोडून झाल्यावर सेल्फ न मारता किल्ली तीनदा ऑन करा आणि प्रत्येक जॉइंटला कोरडा टिश्यू पेपर टेकवा. ओला डाग पडला नाही तरच इंजिन सुरू करा. अर्ध्या तासाच्या फेरीनंतर, इंजिन गरम असतानाच, तोच कागद परत एकदा फिरवा.